पिवळ्या बर्फाचा देश

हळदीच्या दिवसांत आमच्या घरात कुणाला कावीळ झाली तर ती डॉक्टरलाही ओळखू येणार नाही. नखं पिवळी, टाचा पिवळ्या, उशीचे अभ्रे पिवळे, दाराच्या कड्या पिवळ्या. नवऱ्याचे पांढरे सदरे मी त्या दिवसांत पेटीत घालून वरून चादर टाकते, तरी चैत्रात बाहेर काढले की कॉलर पिवळीच निघते. पूर्वी मी चिडायची. आता माझंही चिडायचं वय राहिलं नाही आणि सदऱ्यांचंही पांढरं राहायचं वय गेलं.

आज सकाळी पुन्हा कुकर आला. कुकर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. ट्रॅक्टरच्या मागं जोडून शेतोशेत फिरतो तो, हळद शिजवायचा, पिंपांचा आणि नळ्यांचा मोठा कारखाना. कुरुंद्याच्या आसपास फाल्गुनात तो कुणाच्या ना कुणाच्या खळ्यावर उभा असतोच. त्याला नारळ फुटला, खाली जाळ लागला आणि थोड्या वेळानं पहिली वाफ सुटली. त्या वाफेला ओल्या मातीचा वास असतो, उकडलेल्या रताळ्याचा असतो आणि शिवाय काहीतरी कडवट, औषधी असं असतं. बाहेरगावचे लोक नाकाला रुमाल लावतात. मला मात्र तो वास आला की भूक लागते, आणि एक वर्ष आठवतं. हळद दरवर्षीच शिजते, पण मला आठवतं ते एकच वर्ष, प्राजूचा पाय मोडला ते.

प्राजू म्हणजे प्राजक्ता, माझ्या धाकट्या दिराची मुलगी. मी तिची मोठीआई. माझी पोरं तोवर शिकायला बाहेर पडली होती, त्यामुळं या पोरीचे लाड करायला मला भरपूर सवड होती आणि तिला रागवायला तिची आई होतीच. सुनंदा, माझी धाकटी जाऊ. कामाला वाघीण, बोलायला मुकी. तिच्या तोंडून दिवसभरात जेवढे शब्द निघतात तेवढे मी चहा उकळेपर्यंत संपवते, असं माझे दीर म्हणतात. खरंच आहे ते.

प्राजू तेव्हा सहावीत होती आणि तिला चाकाचं वेड लागलं होतं. नांदेडच्या मामानं त्याच्या मुलीला लहान झालेले स्केट्स पाठवले होते, चार-चार चाकांचे पांढरे बूट. त्याच सुमारास शाळेत खेळाचे नवे सर आले आणि त्यांनी शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेले असेच काही जोड बाहेर काढले. त्यातला एक जोड पायलला मिळाला. पायल ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची, प्राजूच्या वर्गातली. या दोघींनी सरांच्या मोबाइलवर कुठल्यातरी थंड देशातल्या मुली बर्फावर नाचताना पाहिल्या. एका पायावर घसरत जायचं, हवेत गिरकी घ्यायची, पुन्हा बर्फावर उतरायचं. झालं. दोघींनी ठरवलं की आपणही असंच जोडीनं नाचायचं. बर्फ नाही तर नाही, आमचं खळं होतं.

ते खळं दिरांनी आदल्याच वर्षी सिमेंटचं करून घेतलं होतं. गवंड्याकडून असं घोटून घेतलं होतं की त्यावर पाणी सांडलं तर ते कुठं जायचं या विचारात जागेवरच थांबायचं. हळद वाळवायला केलेलं खळं, पण हळद निघेपर्यंत त्यावर या दोघींचं राज्य होतं. हातात हात धरून गोल फिरायच्या, मग एक जण मध्ये उभी राहून दुसरीला गरगर फिरवायची. पायलला वेग फार आवडायचा आणि प्राजूला गिरकी. मी तूर निवडत बसलेली असायची आणि दर थोड्या वेळानं म्हणायची, “पडशील गं बाई.” पडायच्याही. गुडघे सोलायचे, त्यावर हळदच लावायची. हळदीला कुठं आमच्याकडं तोटा होता?

आता सारवण्याचं सांगायला पाहिजे, कारण सगळं त्यावरच गेलं.

पूर्वी आमचं खळं मातीचं होतं. मातीच्या खळ्यावर धान्य किंवा हळद टाकायच्या आधी ते शेणकाल्यानं सारवतात. त्यानं माती उचलत नाही, माल स्वच्छ राहतो. पण आमच्या सासूबाईंनी आम्हा दोघी जावांना जे शिकवलं ते मातीबितीचं नव्हतं. त्या म्हणायच्या, लक्ष्मी घरात येताना उघड्या भुईवर पाय ठेवत नाही, तिच्यासाठी सारवून ठेवावं लागतं. सासूबाई गेल्या, माती गेली, सिमेंट आलं, पण सुनंदाच्या मनातून ते गेलं नाही. पहिली हळद पडायच्या दिवशी तिनं पहाटे उठून ते गुळगुळीत सिमेंट शेणकाल्यानं सारवायला घेतलं. हे असं दुसऱ्या कुठल्या मुलखात कोणी केलं असतं असं मला वाटत नाही.

प्राजूला माहीत होतं की आज एकदा हळद पडली की ती वाळेपर्यंत खळं बंद. म्हणून शेवटचं एकदा खेळून घ्यावं असं तिच्या मनात होतं. ती ओट्यावरच चाकं बांधून बसली आणि उठली ती ओट्याच्या उतारावरून सरळ खळ्यात. मी हौदावर होते. कुकरचा ट्रॅक्टर नुकताच आला होता, त्याची फटफट चालू होती, त्यात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी वळून पाहिलं तेव्हा प्राजू ओल्या सारवणावर घसरून आडवी झाली होती, पाय अंगाखाली भलताच वळलेला होता आणि सुनंदा शेणाच्या हातानं तिच्याकडं पळत होती.

वसमतच्या हाडाच्या डॉक्टरांनी नडगीचं हाड मोडल्याचं सांगितलं. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं. परत येताना जीपमध्ये प्राजूनं डोळे मिटून घेतले होते पण ती झोपली नव्हती, हे मला तिच्या पापण्यांवरून कळत होतं. सुनंदाच्या हातावर शेण तसंच वाळलेलं होतं.

गावाला काय, बोलायला विषयच पाहिजे होता. हळदीच्या मुळ्या खुडायला आलेल्या बायका कामाबरोबर जिभाही चालवत होत्या. “सिमेंटाला कोणी सारवतं काय, माय?” एकीनं विचारलं. सुनंदा तिथंच बसली होती. तिनं मान वर केली नाही. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, “तुझ्या पोरानं नवी मोटारसायकल घेतली तवा तिच्या चाकाखाली लिंबू ठेवलंच होतं ना तू? त्या चाकाला काय दिसत होतं लिंबू?” बाई पुन्हा मुळ्या खुडायला लागली. बाया माझ्या तोंडाला लागत नाहीत, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण सुनंदाचं काही केल्या ठीक होईना. तिनं चाकाचे बूट उचलून कुठंतरी नेऊन ठेवले. कुठं ते तिनं सांगितलं नाही आणि प्राजूनं विचारलं नाही. लेकीचं सगळं करायची. अंघोळ घालायची, वेणी घालायची, प्लास्टरच्या आत खाज सुटली की विणायची लांब सुई घालून हळूहळू खाजवायची. पण तिच्या तोंडाकडं बघायची नाही. आणि प्राजूही आईकडं बघायची नाही. दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ आणि मध्ये ही भिंत. मला वाटायचं पोरगी आईवर रागावली आहे. सुनंदालाही तेच वाटत असणार.

कुकर तर थांबू शकत नव्हता. शिजलेली हळद खळ्यावर येऊन पडत राहिली. वाफाळलेली हळकुंडं फावड्यानं पसरायची, दिवसभर उन्हात तापवायची, मधूनमधून पायानं उलथीपालथी करायची. त्या वर्षी राखणदार आयतीच मिळाली. खळ्याच्या कडेला कडुलिंबाच्या सावलीत प्राजूची बाज टाकली, हातात काठी दिली आणि सांगितलं की गुरं आली तर हाकलायची. आभाळ आलं तर ओरडायचं, म्हणजे ताडपत्र्या टाकता येतील. प्राजू काठी पोटावर ठेवून खळ्याकडं बघत पडून राहायची. तिच्या नाचायच्या जागेवर हळद वाळत होती.

मी तिच्याजवळ मुळ्या खुडत बसायची. पोरगी बोलेना म्हणून एका दुपारी मीच सुरुवात केली. म्हटलं, एक देश होता, तिथं सगळी जमीन बर्फाची.

“गोळेवाल्याच्या बर्फासारखी?” तिनं विचारलं. त्या दिवसांतलं तिचं हे पहिलं धड वाक्य.

पंचाईत अशी की बर्फ मी तरी कुठं बघितला होता? कुरुंद्याच्या बाजारातल्या गोळ्याचा आणि आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यातला, ज्यात आंब्याचा रस ठेवलेला असतो. मी म्हटलं, व्हय, तसाच, पण लांबच लांब. तिनं खळ्याकडं बघितलं. वाळत आलेल्या हळदीवर ऊन पडलं होतं, त्यानं डोळे दिपत होते. “मग तो पिवळा असंल,” ती म्हणाली. असा आमचा देश पिवळ्या बर्फाचा झाला. जगाच्या पाठीवर दुसरीकडं असा बर्फ नाही.

शाळा सुटली की पायल सायकलवर यायची, तीही त्यात घुसली. देशात दोन मुली होत्या, जिरी आणि मिरी. जिरी पायलची, मिरी प्राजूची. दोघी बर्फावर जोडीनं नाचायच्या. नाचात काही चुकलं की एक वानर शिट्टी मारायचं. हे वानर खेळाच्या सरांवरून आलं होतं, पण तसं कोणी उघड बोललं नाही. आकाशात सतत ढग, कारण कुकर रोज चालू. त्या देशातल्या पोरींची हरवलेली पावलं त्या ढगात अडकून राहतात, आणि ढग खाली आला की ज्याची त्यानं आपली पावलं ओळखून काढून घ्यायची, असं पायलनं घातलं. मला ते पटलं नव्हतं, पण मला कोण विचारतो.

आणि मग मिरी पडली. हे प्राजूनंच घातलं, फार लवकर घातलं. बर्फात भेग पडली आणि मिरी पडली, तिला काठावर नेऊन बसवलं.

मी मोठ्या माणसाचं जे काम असतं ते करायला गेले. म्हटलं, मिरीनं धीर धरला, डोळे पुसले आणि ती उठली. प्राजूनं काठी आपटली.

“तू काहून लवकर उठवून राहिली तिला? तिचं हाड जुळलं का?”

“बरं, राहू दे बसलेली,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी परीला आणलं. तिच्या हातात जादूचा लेप. प्राजू म्हणाली, परी आली, लेप लावला, पण मिरी उठली न्हाई. तिसऱ्या दिवशी मी मिरीच्या स्वप्नात देवी आणली. देवीलाही मिरीनं नाही म्हणून सांगितलं. मला राग यायला लागला. गोष्ट माझी, आणि हिची मिरी जागची हलायला तयार नाही. पोराबाळांच्या गोष्टीत माणसं पडतात ती उठण्यासाठीच पडतात, असं मी आजवर धरून चालले होते. कोणी पडून नुसतं बसून राहिलं तर पुढं काय सांगायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पायलनं सांगितलं. पायलच्या घरात जुन्या काळच्या बैलांच्या गोष्टी चालतात. तिचे पूर्वज पाठीवर मीठ आणि धान्य लादलेल्या बैलांचे तांडे घेऊन मुलूखभर फिरायचे. तिनं ते बैल बर्फावर आणले. मी म्हटलं, बैल घसरतील. ती म्हणाली, “न्हाई घसरत. बैलाच्या पायाला लोखंडाची पत्री ठोकलेली असती.” मला मान्य करावं लागलं. तर तो तांडा पिवळ्या बर्फावरून यायचा, मिरीजवळ थांबायचा, तिला गूळ-भाकर द्यायचा आणि पुढं जायचा. कोणी तिला ऊठ म्हणायचं नाही. बैल नुसते जरा वेळ तिच्याजवळ रवंथ करत बसायचे. त्या दिवशी प्राजू पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, उद्या पण बैल येऊ दे.

मी आजारी माणसाकडं जाते तेव्हा अजूनही मला ते बैल आठवतात. मी बोलकी बाई. धीर द्यायचा म्हणजे बोलायचं, एवढंच मला येतं. पण तेव्हापासून मी अधूनमधून गप्प बसायला शिकले आहे. अधूनमधूनच.

पायलचंही तिकडं काही धड चाललं नव्हतं. सरांनी तिला दुसऱ्या एका मुलीबरोबर नाचायला लावलं होतं आणि ती रोज गुडघे फोडून घेऊन यायची. एकदा तिनं बाजेवर बसून बोलण्याची बरीच फिरवाफिरव केली, मग म्हणाली, “प्राजू, मला उजवीकडं वळताच येत न्हाई. तिकडं तू असायची ना. माझा हात आपोआप तुला शोधतो अन् मी पडते.” मग त्या दिवशीच्या गोष्टीत जिरीही पडली, आणि मिरीच्या शेजारी काठावर येऊन बसली. दोघींनी मिळून बैलांना चारा घातला.

प्लास्टर निघालं तोवर उन्हाळा चढला होता. पाय बाहेर आला तो वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा. प्राजू त्याच्याकडं परक्याचा असल्यासारखी बघत राहिली. डॉक्टरांनी हाड चांगलं जुळल्याचं सांगितलं. आधी चालू दे, मग पळू दे, मग खेळू दे, कसली भीती नाही. ती चालायला लागली. भिंत धरून, मग काठी धरून, मग काहीच न धरता. हळद वाळली, पॉलिशच्या ड्रममध्ये फिरून चकचकीत झाली, पोत्यांत भरून मोंढ्यात विकायला गेली. खळं मोकळं झालं. पिवळ्या रंगाचा एक हात फिरल्यासारखं ते दिसत होतं, रिकामं आणि गुळगुळीत.

आणि प्राजू त्यावर पाऊल टाकेना.

घरातून गोठ्यात जायचं तर खळ्यातून सरळ वाट. ती कडेकडेनं, बाभळीच्या काट्यांतून वळसा घालून जायची. चाकांचं तर नाव नाही. त्यात पायलनं येऊन सांगितलं की जूनपासून तिला हिंगोलीच्या वसतिगृहात टाकणार आहेत, पुढची शाळा तिकडंच. शाळेचे ते चाकाचे बूट तिनं सुट्टी लागताना सरांना परत दिले होते. म्हणजे या दोघींचं जे काही होतं ते या उन्हाळ्याबरोबर संपणार होतं. पायल ते हसत हसत सांगायला गेली आणि तिचं हसू मध्येच विरलं. मला त्या दोन पोरींचं फार वाईट वाटलं. मोठ्या माणसांची दुःखं लोक विचारतात तरी. एवढ्याशा पोरींना कोणी विचारत नाही की तुमची जोडी मोडली, तुम्हाला काय होतंय.

गोष्ट मात्र चालूच होती. लिंबाला निंबोण्या धरल्या होत्या, बाज तिथंच होती, फक्त आता प्राजू पाय खाली सोडून बसायची. मिरी अजून काठावरच होती. तिचंही हाड जुळलं होतं, हे प्राजूनं मान्य केलं होतं. तरी ती उठत नव्हती. “काहून उठत न्हाई?” पायल विचारायची. “अशीच,” प्राजू म्हणायची.

अशाच एका दुपारी सुनंदा चहा घेऊन आली. एरवी ती कप ठेवून निघून जायची. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, कदाचित उन्हानं थकली असेल, ती बाजेच्या टोकाशी खाली बसली. पायल जिरीबद्दल काहीतरी सांगत होती. प्राजू आईच्या पाठमोऱ्या मानेकडं बघत होती. मग ती मध्येच म्हणाली,

“त्या बर्फाला रोज पहाटे एक बाई सारवती.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. पायलला काही कळलं नव्हतं. तिनं विचारलं, “बर्फाला? काहून?”

“तिला वाटतं, पोरी येणार बर्फावर, तर तो उघडा कसा ठेवायचा. म्हणून.”

“मग त्याच्यानंच पडली का मिरी?”

सुनंदानं मान आणखी खाली घातली. मला वाटलं आता हे थांबवावं. काहीतरी बोलावं, बैल आणावेत. पण मी बोलले नाही, हे बरं केलं.

“न्हाई,” प्राजू म्हणाली. “बाईनं हाक मारली होती. थांब, ओलं हाय, म्हणून. मिरीला ऐकू आली ती. मिरीला वाटलं कडंकडंनं निघून जाईन, पुन्हा खळं मिळणार न्हाई. म्हणून ती थांबली न्हाई.”

खळं म्हणाली ती, बर्फ म्हणाली नाही. तिच्याही ते लक्षात आलं नसावं.

मी सुनंदाकडं बघितलं. हळद शिजली, वाळली, विकली गेली, एवढे दिवस या बाईनं गावाची बोलणी खाल्ली. दिरांनी एकदा रागाच्या भरात तिला अडाणी म्हटलं तेही तिनं ऐकून घेतलं. आणि यातल्या एकालाही तिनं सांगितलं नव्हतं की मी हाक मारली होती. सांगितलं असतं तर बोल पोरीवर गेला असता. म्हणून तिनं तो आपल्याच अंगावर घेऊन ठेवला. आणि पोरगी तिकडं एकटीच ते जाणून होती. आई आपल्यामुळं ऐकून घेते आहे हे तिला रोज दिसत होतं आणि सांगायला तोंड उघडत नव्हतं. राग नव्हताच कुणाचा कुणावर. मी दोघींच्या मध्ये बसून मुळ्या खुडत होते आणि मला यातलं काही कळलं नव्हतं.

मग सुनंदा बोलली. आमच्याकडं न बघता, खळ्याकडं बघत.

“त्या बाईनं आणखी जोरात हाक मारायला पायजे होती.”

“जोरातच मारली होती,” प्राजू म्हणाली. “लई जोरात.”

मग ती रडायला लागली. सुनंदानं तिला जवळ घेतलं नाही, तिला तसं येतही नाही. तिनं मागं हात नेऊन लेकीच्या बऱ्या झालेल्या पायाचं पाऊल नुसतं धरून ठेवलं. पायल एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती. तिलाही आता कळलं होतं. तिनं हळूच विचारलं, “मग मिरी आता उठंल का?”

प्राजूनं फ्रॉकच्या बाहीनं नाक पुसलं. “बाई ऊठ म्हणाली तर उठंल.”

सुनंदा उठली आणि घरात गेली. आतून ज्वारीच्या कोठीचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ते पांढरे बूट होते, आणि चाकांतून ज्वारीचे दाणे गळत होते. ओट्याच्या पायरीवर तिनं प्राजूला बसवलं, स्वतः खाली बसून एकेक बूट पायात चढवला. बारीक झालेल्या पायाला तो ढिला होत होता, तेव्हा आत कापडाची घडी घातली. नाड्या पोतं शिवताना सुतळी आवळावी तशा आवळून बांधल्या. मग उभी राहिली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली,

“ऊठ.”

प्राजू उठली. डावीकडून पायलनं हात धरला, उजवीकडून सुनंदानं. पायल अनवाणी, सुनंदा अनवाणी. प्राजूनं एक चाक खळ्यावर ठेवलं, मग दुसरं. पहिल्या फेरीला ती चालतही नव्हती आणि घसरतही नव्हती, दोघींच्या मध्ये लोंबकळत होती म्हणा. दुसऱ्या फेरीला पायानं भुई ओळखली. चाकांचा तो घर्रर्र आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते. पायल उजवीकडं वळली, प्राजू तिच्याबरोबर वळली, आणि दोघी वळताना हसल्या.

वेग वाढायला लागला. सुनंदाला पळावं लागत होतं. चाळिशीची बाई, भर उन्हात, नऊवारीचा काष्टा सावरत लेकीचा हात धरून खळ्यावर पळत होती. दीर गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. हातात दोरखंड घेऊन ते बायकोला हाक मारायच्या बेतात होते. मी म्हटलं, काही म्हणू नका भाऊजी, बघा नुसतं.

“आई, आता सोड,” प्राजू धापा टाकत म्हणाली. “मला येतंय. सोड ना.”

सुनंदानं पायलकडं बघितलं. पायलनं आपला हात सोडला. सुनंदानं नाही सोडला. तिला तो सुटत नव्हता हे लांबून मलाही दिसत होतं. त्या मायलेकी तशाच आणखी एक फेरी फिरल्या, मग आणखी एक. प्राजूनं तिला पुन्हा सोड म्हटलं नाही.